शेवटच्या रांगेतला फोन

मराठी वाक्याचा जीव बहुतेक वेळा शेवटी असतो. क्रियापद शेवटी येते, नकार शेवटी येतो, प्रश्नाचा ‘का’ही शेवटीच येतो. ‘मी त्या रात्री तिथे गेलो नव्हतो’ या वाक्यातला ‘नव्हतो’ ओठांतच राहिला, तर प्रेक्षकांपर्यंत पोचते ते ‘मी त्या रात्री तिथे गेलो’ एवढेच, आणि नाटकाचे कथानक उलटे होऊन बसते. शाळा-कॉलेजांच्या नाटकांत हे शेवटचे शब्द सर्रास गिळले जातात. तालीम घेणारे सर ओरडतात, “शेवट खाऊ नकोस!” मुलगा मान डोलावतो, वाक्य पुन्हा म्हणतो आणि पुन्हा शेवट खातो. यात हट्ट नसतो. वाक्य पाठ असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या कानात ते पूर्णच वाजलेले असते.

पुण्याच्या एका मराठी शाळेत गॅदरिंगच्या नाटकाची तालीम पाहत बसलो होतो, तेव्हा आठवीतल्या एका मुलाचे नेमके हेच चालले होते. नाटक बसवणाऱ्या बाईंनी त्याला आणखी सूचना देणे थांबवले. स्वतःचा फोन वर्गाच्या शेवटच्या बाकावर दप्तराला टेकवून आडवा उभा केला, तेवढाच प्रवेश पुन्हा करून घेतला आणि लगेच त्या मुलाला व त्याच्यासमोर काम करणाऱ्या मुलीला तो तुकडा दाखवला. मुलाने तो पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला कळले की तो शब्द आपण म्हटलेलाच नाही. बाई एक अक्षरही बोलल्या नाहीत. पुढच्या फेरीत ‘नव्हतो’ मागच्या भिंतीपर्यंत गेला.

हाच फोन दुसऱ्या तालमीत मुलांना मागे खेचताना मी पाहिला आहे. तिथे संपूर्ण रनथ्रूचे शूटिंग झाले आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकले गेले. मुलांनी ते घरी, अंथरुणात पडून, एकेकट्याने पाहिले. कोणी स्वतःचे केस पाहिले, कोणी दंड पाहिले, कोणाला आपला आवाज ऐकून कसनुसे झाले, कोणाला आपण फारच छान वाटलो. दुसऱ्या दिवशी निम्मी मुले अंग चोरून उभी होती आणि उरलेली स्वतःवर खूश होऊन काम करत होती. प्रवेश होता तिथेच राहिला.

दोन्हीकडे यंत्र एकच. फरक पडला तो कोणी, केव्हा, किती वेळ आणि कशासाठी पाहिले यामुळे. शूटिंग आता कोणालाही करता येते. पाहायला मात्र शिकवावे लागते, आणि नाट्यशिक्षणात त्याकडे अजून कोणी पुरेसे गांभीर्याने पाहिलेले नाही, असे माझे मत आहे.

* * *

ज्यांनी बी.एड. किंवा डी.एड. केले आहे, त्यांच्याकडे ‘पाहायला कसे शिकवायचे’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीपासूनच आहे. त्यांना ‘सूक्ष्म अध्यापन’ आठवत असेल: सहाध्यायांनाच विद्यार्थी समजून घेतलेला छोटा पाठ, मागे बसलेले निरीक्षक, हातातला तक्ता. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आकाराला आणली. नव्या शिक्षकाने एकच कौशल्य निवडायचे, पाच-दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, त्याचे व्हिडिओ रेकॉर्डिंग पाहायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. योगायोग असा की त्याच १९६३ साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट, लेखक आणि दिग्दर्शक त्या स्पर्धेतून पुढे आले.

आपल्याकडे एनसीईआरटीच्या पुढाकाराने सूक्ष्म अध्यापनाचा जो आराखडा रूढ झाला, त्याचा हिशेब ठरलेला आहे: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनर्पाठ आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटे, म्हणजे साधारण शाळेच्या एका तासिकेएवढा वेळ. आपल्या अध्यापक विद्यालयांत व्हिडिओ कॅमेरा क्वचितच होता, म्हणून त्याची जागा तक्ता घेऊन बसलेल्या निरीक्षकाने घेतली. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, पण तो आराखडा मात्र बी.एड.च्या जर्नलमध्येच राहिला.

नाटकाच्या तासाला तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. यातला सर्वांत मोलाचा भाग पुनर्पाठाचा आहे. पाहिले आणि घरी गेले, तर पाहिलेले मतापुरतेच उरते. पाहिले आणि लगेच उठून तोच प्रवेश पुन्हा केला, तर ते अंगात उतरते. म्हणून तुकडा लहान हवा, दीड-दोन मिनिटांचा. चाळीस मिनिटांची एकांकिका सलग शूट करून ठेवण्याला संग्रहापलीकडे फारसा अर्थ नसतो. फुल एचडी चित्रणाला फोननुसार मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. तेवढी एकांकिका दोन-तीन वेळा शूट झाली की फोनमधली बरीच जागा जाते, आणि ती सलग बसून पाहणारा कोणी नसतो.

* * *

स्वतःला पाहणे सुरुवातीला नकोसे का वाटते, हे मुलांना आधीच सांगून टाकलेले बरे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो. हाडांतून येणाऱ्या आवाजात खालचे, भरदार सूर जास्त असतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज उरतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. चेहऱ्याचेही तसेच. आपण रोज आरशात पाहतो ती उलटी प्रतिमा असते. मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना त्याच चेहऱ्याचा सरळ फोटो. ज्याला जे पाहायची सवय, त्याला ते बरे वाटते. सेल्फी घेताना फोनच्या स्क्रीनवरही आपण आरशासारखेच दिसत असतो, त्यामुळे आजच्या मुलांची ही सवय आणखी पक्की झाली आहे.

म्हणजे पहिल्यांदा व्हिडिओ पाहताना मुलगी जे पाहते, तो तिचा अभिनय नसतोच. ती स्वतःचे सरळ रूप आणि हवेतला आवाज पचवत असते. त्या पाहण्यात काही शिकवायला जाऊ नये. हसू द्यावे, लाजू द्यावे, एकमेकांना चिडवण्यापुरते मात्र थांबवावे आणि तो तुकडा पुसून टाकावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नवलाई ओसरते, आणि मग कामाचे पाहणे सुरू होते.

कामाचे पाहणे म्हणजे एका वेळी एकच प्रश्न. “कसं वाटलं?” हा प्रश्न सर्वांत निरुपयोगी, कारण त्याला “छान” किंवा “बेकार” याखेरीज उत्तर नाही. “ती बोलत असताना तुझे पाय काय करत होते?” या प्रश्नाला उत्तर आहे. हौशी नटाचे पाय सतत वजन बदलतात, या पायावरून त्या पायावर. ज्याचे पाय डुलतात त्याची धमकी कोणी खरी मानत नाही. हे दिग्दर्शकाने शंभरदा सांगूनही नटाला जाणवत नाही, कारण डुलणे त्याच्या नकळत होते. आवाज बंद करून एकदा पाहिले की लगेच दिसते.

आवाज बंद करून पाहणे ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडती युक्ती आहे. संवाद निघून गेले की मागे फक्त शरीरे उरतात. कोणाला कोणाकडून काही हवे आहे का? कोण कोणाकडे जात आहे, कोण मागे सरत आहे? भांडणाच्या प्रवेशात दोघे एकमेकांपासून सारख्याच अंतरावर खिळून उभे असतील, तर ते भांडण फक्त शब्दांत आहे. याच्या उलटही करता येते: फोन पालथा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि नुसते ऐकायचे. खाल्लेले शेवट तेव्हा सापडतात. सगळ्यांचा सूर एकाच पट्टीत अडकल्याचेही तेव्हाच कळते.

आणखी एक गोष्ट शाळेच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत आढळते. एकजण बोलत असतो, तेव्हा बाकीच्यांचे ओठ हलत असतात. सगळ्यांना सगळे नाटक पाठ असते आणि दुसऱ्याचा संवाद संपण्याची वाट पाहत ते तो मनातल्या मनात म्हणत असतात. म्हणजे ऐकत कोणीच नसते. नाटकात ऐकणे हे बोलण्याइतकेच मोठे काम आहे, हे व्याख्यानाने पटत नाही. स्वतःचे हलते ओठ पाहिल्यावर मुले त्या जागी काय करायचे ते स्वतःहून शोधू लागतात.

समूहाच्या कामात तर रेकॉर्डिंगला पर्याय नाही. ‘घाशीराम कोतवाल’ डोळ्यांसमोर आणा. १९७२ साली जब्बार पटेल यांनी बसवलेल्या त्या प्रयोगात ब्राह्मणांची रांग हाच पडदा होता, तीच भिंत होती आणि तीच पुण्याची गर्दी. कृष्णदेव मुळगुंद यांनी रचलेल्या हालचालींत रांगेतला प्रत्येकजण एका मोठ्या आकृतीचा तुकडा होता. अशा रांगेत उभ्या असलेल्याला आपली रांग कधीच दिसत नाही. उजवी बाजू वाकली, एकजण अर्धी मात्रा मागे राहिला, वळताना मधे फट पडली, हे फक्त समोरच्याला दिसते. आजच्या कॉलेजच्या एकांकिकांत अशा समूहहालचाली भरपूर असतात. बऱ्याच वेळा विद्यार्थी-दिग्दर्शक स्वतःच त्यात काम करत असतो, म्हणजे बाहेरून पाहणारा डोळाच उरत नाही. ती जागा फोन चांगली भरून काढतो. गॅलरी असेल तर गॅलरीतून शूट करावे. वरून आकृती स्वच्छ दिसते.

पॉजचेही असेच आहे. रंगमंचावर उभ्या असलेल्याला दोन सेकंदांची शांतता अनंत वाटते आणि तो घाबरून पुढचे वाक्य टाकतो. व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर सेकंद सरकत असतात. आपण पाच मोजले असे ज्याला वाटत होते, त्याचा पॉज दीड सेकंदाचा निघतो. टायमिंगबद्दलच्या वादांचा असा निकाल क्षणात लागतो.

पण दिसते त्यापलीकडचे विचारायचे असेल तर व्हिडिओ वेगळ्या तऱ्हेने वापरावा लागतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन कॅगन यांनी १९६० च्या दशकात समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी एक रीत तयार केली होती. समुपदेशकाला त्याच्याच मुलाखतीचे रेकॉर्डिंग दाखवायचे, हवे तिथे थांबवण्याचा अधिकार त्यालाच द्यायचा आणि शेजारी बसलेल्याने टीका न करता फक्त विचारायचे, की या क्षणी तुझ्या मनात काय चालले होते? माणसाला त्या वेळचे विचार आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आठवतात. ही रीत नाटकाच्या वर्गात आणली की उत्तरे फार प्रामाणिक येतात. इथे मी पुढची एन्ट्री आठवत होते. इथे मला भीती होती की तो खुर्ची चुकीच्या जागी ठेवेल. इथे मी सरांकडे पाहिले. एखादी मुलगी प्रवेशात आईच्या मृत्यूची बातमी ऐकत होती आणि मनात खुर्चीचा विचार होता, हे एकदा तिच्याच तोंडून आले, की मग पात्राच्या मनात त्या वेळी काय असायला हवे याबद्दल बोलता येते. रिमोट किंवा फोन तिच्याच हातात असावा, यावर मी फार भर देईन. दुसऱ्याने थांबवलेला व्हिडिओ आरोपासारखा वाटतो.

* * *

फोन काय दाखवत नाही, तेही नीट माहीत हवे, नाहीतर मुले भलत्याच गोष्टी दुरुस्त करत बसतात.

पहिली गोष्ट आवाजाची. फोनचा माइक आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. पुटपुटणारी मुलगी आणि खणखणीत बोलणारा मुलगा रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यामुळे शब्द पूर्ण उच्चारले की नाही, ते व्हिडिओत कळेल. आवाज पोचतो की नाही, ते अजिबात कळणार नाही. त्यासाठी शेवटच्या रांगेत माणूसच बसवावा लागतो. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या सुमारे हजार आसनांच्या नाट्यगृहात जायचे असेल, तर वर्गात शूट केलेल्या व्हिडिओवर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट भिंगाची. फोनचा नेहमीचा कॅमेरा बऱ्यापैकी वाइड असतो. तो पुढच्याला मोठा आणि मागच्याला फारच लहान करतो, दोघांमधले अंतर ताणून दाखवतो, कडेला उभ्या असलेल्यांना किंचित पसरवतो. त्यावरून ब्लॉकिंग बदलायला निघालेला दिग्दर्शक प्रत्यक्ष रंगमंचावर सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर आणून ठेवतो. शिवाय कॅमेरा एकाच खुर्चीत बसलेला असतो. मधोमध ठेवलेल्या फोनला जे स्वच्छ दिसते, ते डाव्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला कोणाच्या तरी पाठीमागे झाकलेले असू शकते. मास्किंग तपासायचे तर तोच प्रवेश दोन्ही कोपऱ्यांतून शूट करायला हवा.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. काळ्या पडद्यासमोर स्पॉट पडला की फोन अंधार उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. मुलांना वाटते आपल्या चेहऱ्यावर काहीच हावभाव नाहीत. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. एवढे जरी केले तरी चेहरा वाचता येतो.

जागेबद्दल माझा आग्रह आहे की फोन मागेच असावा. तो मुलांच्या जवळ आणला, किंवा एखादा उत्साही मित्र हातात घेऊन त्यांच्याभोवती फिरू लागला, की दहा मिनिटांत मुले प्रेक्षकांसाठी काम करणे थांबवतात आणि भिंगासाठी करू लागतात. रील्सच्या सवयीची ही पिढी आहे. कॅमेऱ्यासमोर काय करायचे हे त्यांना उपजत येते: भुवई किंचित उचलायची, आवाज गळ्यातच ठेवायचा, सगळा खेळ हनुवटीच्या वर. ती कलाही खोटी नाही, पण तिचा प्रेक्षक वीतभर अंतरावर असतो. रंगमंचावरच्या नटाला तळपायापासून बोलावे लागते. दोन माध्यमांमधली ही दरी जुनी आहे. ज्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र भारावला होता, त्या बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. पडद्यावर ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले.

आणि सगळ्यांत जुना इशारा स्तानिस्लावस्कीचा. ‘अ‍ॅन अ‍ॅक्टर प्रिपेअर्स’ या पुस्तकात, ज्याचा के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ नावाने मराठी अनुवाद केला, तरुण कोस्त्या घरी आरशासमोर ऑथेल्लोचा सराव करतो. त्याचे गुरू विद्यार्थ्यांना सावध करतात की आरसा नटाला आतले सोडून बाहेरचे पाहायला शिकवतो. व्हिडिओबद्दल ही भीती मला पूर्ण खरी वाटते, पण एक मोठा फरक आहे. आरशात नट काम करत असतानाच स्वतःला पाहतो, त्याचे लक्ष दुभंगते. व्हिडिओत काम आधी संपते आणि पाहणे नंतर येते. हा क्रम पाळला तर तो आरसा होत नाही. म्हणूनच सेल्फी कॅमेरा लावून, स्वतःला पाहत पाहत संवाद म्हणण्याची जी पद्धत मुलांनी घरच्या सरावासाठी उचलली आहे, ती मोडायला हवी. मागचा कॅमेरा वापरावा, म्हणजे स्क्रीन दिसत नाही. मार्च २०२० नंतर नाट्यगृहे आणि वर्ग बंद पडले, तेव्हा स्वगते शूट करून पाठवण्याचा प्रघात पडला आणि त्यातूनच ही सवय जास्त पसरली. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आता आहे.

आणखी एक धोका यशाचा. एखाद्या तालमीत एक जागा सुरेख जाते. मुलगा ती दहा वेळा पाहतो आणि पुढच्या तालमीत तीच मान, तोच हात, तोच हुंदका आणायला जातो. आकार तोच येतो, आतले काही येत नाही. म्हणून चांगली गेलेली जागा मी तरी मुलांना दाखवणार नाही. प्रयोगाच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात तर काहीच दाखवू नये. त्या दिवसांत नटाचे लक्ष सहकलाकारांवर आणि नाटकावर असू द्यावे.

* * *

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेत नाट्य हा विषय घेणाऱ्यांच्या प्रयोगांचे रेकॉर्डिंग करावेच लागते, कारण दिलेले गुण तपासायला पुरावा लागतो. आपल्याकडे नाटक परीक्षेच्या तावडीत इतके आलेले नाही, हे मला भाग्य वाटते. गुणांसाठीचे शूटिंग आणि शिकण्यासाठीचे शूटिंग वेगळे ठेवता आले पाहिजे. शिकण्यासाठीचा व्हिडिओ पुसण्यासाठीच असतो. त्यात चुका असणारच, आणि चुका करण्याची मोकळीक हीच तालमीची खरी मिळकत.

म्हणून तो कुठे जातो याची काळजी शिक्षकाने घ्यायलाच हवी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा रडण्याचा प्रवेश कोणी स्टिकर करून शाळेभर फिरवला, तर ती पुन्हा रंगमंचावर पाय ठेवणार नाही. हे अपवादाने घडते असेही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तरी साधे नियम पुरे आहेत. शूटिंग एकाच ठरलेल्या फोनवर, शक्यतो शाळेच्या. मुलांचे फोन दप्तरात. ग्रुपवर काही टाकायचे नाही. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांदेखत पुसायचे. पालकांना सुरुवातीलाच एक पत्र द्यायचे. ज्या मुलाला नको आहे, त्याला कारण विचारायचे नाही.

प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकण्याचा मोह वेगळा. शाळेतल्या मुलांनी व शिक्षकांनी विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सवलत आहे. जगासमोर तोच प्रयोग इंटरनेटवर ठेवायचा तर लेखकाची परवानगी घ्यावी. आपल्या बालनाट्यलेखकांना मानधन आधीच तुटपुंजे मिळते. निदान विचारावे तरी.

ज्या शाळेत प्रोजेक्टर नाही, मोठा टीव्ही नाही, तिथे काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकाच्या एका फोनभोवती तीस मुले गोळा झाली तर कोणालाच काही दिसत नाही. प्रवेशात असणाऱ्या तिघाचौघांनाच तुकडा दाखवायचा आणि बाकीच्यांना दुसरे काम द्यायचे, हा एक मार्ग. दुसरा मला अधिक समृद्ध वाटतो. एका मुलीला ‘कॅमेरा’ करायचे. ती मागे बसते, प्रवेश पाहते आणि नंतर फक्त दिसलेले सांगते. चांगले-वाईट म्हणायचे नाही, “राग आल्यासारखा वाटला” असेही नाही. “त्याने वळण्याआधी बोलायला सुरुवात केली. तिचा उजवा हात ओढणीत होता. ‘चल’ म्हटल्यावर कोणी हलले नाही.” मत बाजूला ठेवून निरीक्षण सांगणे मोठ्यांनाही जमत नाही. जी मुले आलटून पालटून हे काम करतात, ती पुढे खरा व्हिडिओ समोर आला की फार नेमके पाहतात.

* * *

इतका वेळ मुलांकडे वळलेला कॅमेरा एकदा तरी नाटक बसवणाऱ्याकडे वळवायला हवा. मराठी शाळांतली नाटके पाहिलेल्या कोणालाही तो विशिष्ट सूर ओळखीचा असतो: प्रत्येक वाक्याची पहिली दोन अक्षरे उंच, मधे एक हेलकावा, शेवटी घसरण. गावे वेगळी, नाटके वेगळी, पण मुले एकाच चालीत बोलतात. मुले घरी तसे बोलत नाहीत, मैदानावर तर मुळीच नाही. ही चाल येते करून दाखवण्यातून. सर वाक्य म्हणून दाखवतात, “असं म्हण” म्हणतात आणि मूल सरांचा सूर पाठ करते. चार वर्षे तालमी घेणाऱ्याला हे ऐकू येत नाही. त्याच्या दृष्टीने तो सूर म्हणजेच नाटक.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिट्ल थिएटर सुरू केले, त्यानंतर रत्नाकर मतकरींची बालनाट्ये आली, सुलभा देशपांड्यांची चंद्रशाला आली, १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्यामुळे बर्लिनचे ग्रिप्स थिएटर पुण्यात आले. या सगळ्या कामातून मराठी बालरंगभूमीने मुलांचे खरे बोलणे ऐकायला शिकवले. शाळेच्या गॅदरिंगपर्यंत मात्र ते सगळीकडे झिरपलेले नाही.

‘नव्हतो’वाल्या त्या बाईंनी एक धाडस केले. फोन मुलांऐवजी संपूर्ण तालमीवर रोखून ठेवला, स्वतःसकट. घरी पाहिले तेव्हा त्यांना दिसले की मुले दोन वाक्ये म्हणतात आणि आपण मधे येतो. बहुतेक वेळा आपण वाक्य म्हणून दाखवतो. आणि ती एक मुलगी, जिचा आवाज कृत्रिम वाटतो म्हणून आपण वैतागत होतो, ती आपलीच हुबेहूब नक्कल करते आहे. हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितले. त्या स्वतः उत्तम बोलतात, आणि नेमकी तीच अडचण होती.

पुढच्या तालमीला त्यांनी त्या मुलीला वाक्य म्हणून दाखवले नाही. बहिणीला हेच सांगायचे असते तर घरी कसे सांगितले असतेस, एवढेच विचारले आणि मागे जाऊन बसल्या. मुलीने आधी जुन्याच सुरात म्हटले, मग थांबली, मग घरच्यासारखे म्हणाली. तिची बोली नगरकडची आहे, ती तेव्हा पहिल्यांदा नाटकात आली. फोन त्या दिवशीही मागच्या बाकावर चालूच होता. त्या व्हिडिओत बाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो चौथ्या मिनिटाला, आणि तेव्हाही त्या फक्त विचारतात, “पुन्हा करायचं का?”